तळटीप : ‘तीव्र भीती’ आणि ८५ गुण
येथे ‘तीव्र भीती’ हा शब्द वाइमा प्रश्नावलीच्या अर्थाने आला आहे. बाळंतपणाची भीती मोजणारी, स्वीडनमध्ये तयार झालेली ही प्रश्नावली १९९८ साली प्रसिद्ध झाली. तीत ३३ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण १६५. ८५ किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र भीती, असा संकेत पुढे रूढ झाला. ही बेरीज मला अपुरी वाटते. कळा सुरू असताना आपण एकट्या पडू ही धास्ती आणि बाळ दगावल्याचे चित्र सतत डोळ्यांसमोर येणे, दोन्हींना जास्तीत जास्त ५च गुण. पण पहिलीला उशाशी हक्काचे माणूस हवे, दुसरीला आधीच्या बाळंतपणात काय झाले ते कुणीतरी शांतपणे विचारायला हवे. पुढच्या विश्लेषणांतही या प्रश्नांचे एकाहून अधिक गट पडले. गर्दीच्या दवाखान्यात एक आकडाच कामाचा, हा आक्षेप खरा आहे. कोणाशी आधी बोलायचे ते आकडा सांगतो. मात्र बोलायला बसल्यावर कोणत्या प्रश्नावर खूण आहे तेच पाहावे लागते. मराठी अनुवादात तर अधिकच जपायला हवे : ‘काळजी’ म्हणजे घोरही आणि जपणूकही, त्यामुळे ‘बाळाची काळजी असते का?’ याला ‘हो’ म्हणणारी बाई घाबरलेलीच असेल असे नाही. (संपा.)