वडोदऱ्याच्या नगरखुणा : पाट्या, घड्याळे आणि पुतळे

कोणत्याही नगराचा इतिहास सनदा आणि बखरींत जसा सापडतो, तसाच तो चौकातल्या घड्याळात, दरवाज्याच्या कमानीत आणि रस्त्याच्या नावातही सापडतो. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या १८७५ ते १९३९ या प्रदीर्घ कारकिर्दीत वडोदरा शहर घडले. त्या घडणीतील सार्वजनिक जागांचा विचार केला, तर एक गोष्ट लक्षात येते. दरबाराने ज्या खुणा उभारल्या त्या लोकांनी स्वीकारल्या खऱ्या, पण आपल्या सोयीच्या नावाने.

शहराचा जुना गाभा मूळचाच सुवाच्य होता. मध्यभागी मांडवी, तिला चारी बाजूंनी तीन-तीन कमानी, आणि तेथून चार दिशांना निघणारे चार रस्ते. पश्चिमेस लहेरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडीगेट असे चार दरवाजे. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही दिशा कळत असे. पाटी वाचण्याची गरज नव्हती, कारण इमारत हीच पाटी होती.

सयाजीरावांच्या काळात शहर या तटाबाहेर पसरले, तेव्हा नव्या खुणांची गरज भासू लागली. १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी सार्वजनिक उद्यान तयार झाले आणि त्यात १८९४ साली संग्रहालय उभे राहिले. १८९६ साली महाराजांच्या दिवंगत पत्नी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ रावपुऱ्यात घड्याळाचा मनोरा बांधण्यात आला. ज्या काळात घरोघरी घड्याळ नव्हते त्या काळात हा मनोरा स्मारक तर होताच, शिवाय अवघ्या पेठेचे घड्याळही होता. लोकांनी त्याला 'रावपुरा टॉवर' म्हणण्यास प्रारंभ केला आणि तेच नाव रूढ झाले. सयाजीबागेचेही तसेच, दप्तरी नाव काहीही असो, वडोदरेकरांच्या तोंडी ती 'कमाटीबाग' राहिली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बागेजवळच आहे. इंग्रज शिल्पकार डरवेंट वुड यांनी घडविलेला सयाजीरावांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा १९०७ च्या सुमारास येथे बसविण्यात आला. पण चौकाचे नाव पडले 'काळा घोडा'! स्वार महाराज असूनही नाव घोड्याचे. मुंबईतही नेमके असेच घडले. तेथील सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ साली हलविला गेला, तरी परिसराचे 'काळा घोडा' हे नाव टिकले. इतके की २०१७ साली तेथे स्वाराविना नुसता घोडाच उभारण्यात आला. सर्वसामान्य माणूस जागेला नाव देतो ते डोळ्यांत भरणाऱ्या तपशिलावरून, ही गोष्ट दोन्ही शहरांनी सिद्ध केली आहे.

याचा अर्थ दरबाराचे प्रयत्न वाया गेले, असा मात्र नव्हे. १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनाने रेखाटन, रंगकाम, सुतारकाम यांचे पद्धतशीर शिक्षण देऊन कारागिरांच्या हाताला वळण लावले. दादासाहेब फाळके हेही तेथेच शिकले. १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण करून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविण्यात आली. त्या ग्रंथालयाच्या इमारतीत खालच्या मजल्यांपर्यंत उजेड पोहोचावा म्हणून काचेची जमीन योजण्यात आली. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी १९१६ साली शहराच्या विस्ताराविषयी अहवाल सादर केला. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' या कोशाने राज्यकारभारातील शब्दांना अनेक भाषांतील प्रतिशब्द दिले. इमारत, उजेड आणि शब्द या तिन्हींकडे एकाच काळजीने पाहणारी ही राजनीती होती. नागरिकाला आपले नगर वाचता आले पाहिजे, हे तिचे मर्म होय.

आज या खुणांपुढे निराळेच संकट उभे आहे. विजेच्या तारा, जाहिरातफलक आणि दुकानांच्या पुढे आलेल्या पाट्या यांच्याआड जुन्या कमानी व नक्षी झाकोळून जाते. न्यायमंदिराच्या इमारतीतून २०१८ साली न्यायालये नव्या संकुलात गेली. आता तेथे न्याय नाही, पण नाव आहे. खुणेचा उपयोग संपला की नाव काही काळ तग धरते. मात्र पुढच्या पिढीला त्या नावाचा अर्थ कोणी सांगितला नाही, तर तो केवळ रिक्षावाल्याला सांगावयाचा थांबा उरतो.

मराठी भाषिकांना तर याचे महत्त्व विशेष आहे. गायकवाडांबरोबर आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या येथे नांदली आणि गुजराती समाजाशी एकरूप झाली. त्यांच्या वास्तव्याची साक्ष मोठमोठ्या स्मारकांपेक्षा वाड्याच्या चौकटीवर, जुन्या दुकानाच्या देवनागरी पाटीवर, देवळाच्या दगडावर कोरलेल्या दात्याच्या नावात अधिक आढळते. या साक्षीला सरकारी संरक्षण नसते. घर पाडले की पाटीही जाते.

म्हणूनच या खुणांची नोंद करणे हे ग्रंथालयांचे काम ठरते. पाटीवरील मजकूर, तिची लिपी, तिचे स्थान आणि लोकांच्या तोंडचे नाव एवढे लिहून, छायाचित्रासह जपून ठेवले, तरी भावी अभ्यासकाला मोठे साधन उपलब्ध होईल. ज्यांनी शंभर वर्षे पुस्तके सांभाळली, त्यांना आपल्या गल्लीतील चार अक्षरे सांभाळणे अवघड नाही.