स्वातच्या खोऱ्यातील शाळा

मलाला यूसुफझाई हे नाव जगाला पाठ झाले आहे. पण ज्या स्वात खोऱ्यातून ते आले त्याचा इतिहास आपल्याकडे सहसा कोणी चाळीत नाही. त्यामुळे अज्ञानाच्या मुलखात एका मुलीने प्रथमच शाळेचा हट्ट धरला, अशी भाबडी समजूत रूढ झाली आहे. वस्तुस्थिती तशी नाही. स्वात हे १९६९ पर्यंत संस्थान होते आणि तेथील अखेरचे वाली मियांगुल जहानझेब यांना शाळा काढण्याचे वेडच होते म्हणा ना! १९५२ साली त्यांनी कॉलेजही स्थापिले. मुलींच्या शाळा त्यांच्या अमदानीत चालत होत्या. मलालाने नवे काही मागितले नाही. हाती होते ते हिसकले जात असता तिने मूठ सोडली नाही.

तिचा जन्म १२ जुलै १९९७ चा, मिंगोरा शहरातला. वडील झियाउद्दीन यांनी तेथे खाजगी शाळा काढली व तिला खुशालखान खटक याचे नाव दिले. हा पश्तो कवी औरंगजेबाशी झुंजलेला, म्हणजे आपल्या शिवछत्रपतींचा समकालीन. झियाउद्दीन यांच्या घराण्याच्या वंशवृक्षात केवळ पुरुषांची नावे होती. त्यांनी स्वतःच्या नावाखाली रेघ ओढून मुलीचे नाव लिहिले.

पुढे या खोऱ्यात नावालाच विलक्षण महत्त्व आले. तालिबानचा स्थानिक पुढारी फजलुल्ला याच्या रेडिओवरून, शाळा सोडणाऱ्या मुलींचे नाव घेऊन अभिनंदन होऊ लागले. शंभरांवर शाळा उद्ध्वस्त झाल्या आणि २००८ च्या अखेरीस हुकूम सुटला की, १५ जानेवारीपासून मुलींच्या शाळा बंद. बी.बी.सी.च्या उर्दू विभागाला त्या वेळी एखाद्या विद्यार्थिनीची रोजनिशी हवी होती. एक थोरली मुलगी तयार झाली, पण घरच्यांनी भीतीपोटी तिला मागे घेतले. त्या बापाला भ्याड म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तेव्हा अकरा वर्षांची मलाला ‘गुल मकई’ या टोपणनावाने ती लिहू लागली. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्याच टिपणात ती सांगते की, वर्गातल्या २७ मुलींपैकी ११ च हजर होत्या. दुसऱ्या एका टिपणात रंगीत कपडे घालून शाळेत येऊ नका, अशी ताकीद मिळाल्याची नोंद आहे. या रोजनिशीत घोषणा जवळजवळ नाहीत. तिचे बळ अशा बारीकसारीक नोंदींत आहे.

फेब्रुवारीत तडजोड होऊन चौथीपर्यंतच्या मुलींना मुभा मिळाली. मोठ्या मुली चौथीतल्याच आहोत असे भासवून, पुस्तके चादरीखाली दडवून वर्गात जात. मे महिन्यात लष्करी कारवाई सुरू होऊन लक्षावधी लोक परागंदा झाले. तिचे कुटुंबही त्यांत होते. परतल्यावर तिचे खरे नाव उघड झाले. २०११ मध्ये पाकिस्तान सरकारने तिला शांतता पारितोषिक दिले.

९ ऑक्टोबर २०१२ रोजी परीक्षा देऊन मुली गाडीने घरी निघाल्या होत्या. गाडी अडवून बंदूकधाऱ्याने विचारले, “मलाला कोण?” आणि तिच्या डोक्यात गोळी झाडली. शेजारच्या दोन मैत्रिणीही जखमी झाल्या. पेशावर, रावळपिंडी आणि शेवटी बर्मिंगहॅम येथे उपचार होऊन ती वाचली.

पाकिस्तानच्या घटनेत २०१० च्या अठराव्या दुरुस्तीने पाच ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना मोफत शिक्षणाचा हक्क दिला गेलाच होता, पण कागदावर. या गोळीनंतर वीस लाखांवर सह्या गोळा झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यासंबंधीचे विधेयक राष्ट्रीय सभेने मंजूर केले. मात्र तिच्याच देशात हे सारे पाश्चात्त्यांचे नाटक म्हणणारेही पुष्कळ निघाले. बाहेरच्यांनी फार कौतुक केले की घरचे बिचकतात, यात नवल नाही; पण वर्गातल्या त्या रिकाम्या १६ जागा कोणा पाश्चात्त्याने रचल्या नव्हत्या.

२०१४ साली, सतराव्या वर्षी, आपल्या कैलाश सत्यार्थी यांच्यासमवेत तिला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. त्या पैशातून शांगला जिल्ह्यात मुलींची शाळा उभी राहून २०१८ मध्ये सुरू झाली. शांगला हे तिच्या आईबापांचे मूळ गाव-शिवार. तिची आई तूर पेकाई लहानपणी तेथे शाळेत जाऊ लागली होती. पण वर्गात सगळे मुलगेच, म्हणून कंटाळून तिने पाटी सोडली आणि पुस्तके विकून त्यांच्या गोळ्या घेतल्या.