मधुमेहाची जेनेरिक गोळी : नाव बदलते, औषध नव्हे

केळीसाठी प्रसिद्ध असलेले अर्धापूर असो वा मुंबई, मधुमेहींची शंका एकच असते : स्वस्त गोळी तितकीच गुणकारी ठरेल काय? वास्तविक मेटफॉर्मिनसारख्या जुन्या औषधावर कोणाचेच पेटंट उरलेले नाही. महागडे नाव धारण करणारी गोळीही बहुधा जेनेरिकच असते. सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये संपले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना मिळू लागल्या. नामांकित कंपन्यांच्या गोळ्यांना तेव्हा दीडशेहून अधिक रुपये पडत.

मात्र वेष्टनावरील घटकद्रव्य, मात्रा आणि प्रकार ताडून पाहणे अगत्याचे. हळूहळू विरघळणाऱ्या ‘एसआर’ मेटफॉर्मिनची जागा साधी गोळी परस्पर घेऊ शकत नाही.

खरा धोका निराळाच आहे. नावे वेगळी असल्याने घरातील जुनी आणि नवी अशी दोन्ही पाकिटे एकाच वेळी चालू राहतात. ग्लिमेपिराइड असे दुप्पट पोटात गेल्यास रक्तातील साखर एकाएकी घसरते. घाम, थरथर, भोवळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी शुद्धीवरील रुग्णाला तत्काळ साखरपाणी द्यावे व डॉक्टरांना गाठावे. नवी गोळी सुरू होताच जुने पाकीट घरातून हलवावे.