वढकी : मावळातील लेण्यांचे सुतार

मावळातील (जि. पुणे) बौद्ध लेण्यांच्या घडणीत सहभागी असलेले प्राचीन सुतार. प्राकृत लेखांत त्यांना ‘वढकी’ म्हटले आहे. कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी बोरघाटातून कोकणातील बंदरांकडे उतरणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गालगत, सध्याच्या लोणावळा-कामशेत पट्ट्यात आहेत. दगडातील कोरीव काम म्हणून त्यांची कीर्ती आहे. त्यांतील चैत्यगृहे मात्र सुताराच्या हिशेबाने बेतलेली आहेत, आणि कार्ले व भाजे येथे प्राचीन लाकूड आजही जागेवर आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहाची (इ. स. पहिले शतक) लांबी सुमारे ४५ मी. व उंची सुमारे १४ मी. आहे. त्याच्या गजपृष्ठाकार छताला सागवानी कमानी बसवल्या आहेत. डोंगराचा भार डोंगरच पेलतो. या कमानींवर काहीच भार नाही. तरीही खडकात खाचा घेऊन त्या एकेक करून बसवल्या गेल्या. स्तूपावरील छत्रही लाकडाचे आहे. पावसाळ्यात हा सारा परिसर ओलाचिंब असतो. अशा ठिकाणी हे काम टिकले, याचे श्रेय सागाच्या अंगच्या तेलाला व लेण्यातील आडोशाला जितके, तितकेच ते निगुतीने बसवणाऱ्या हातांना दिले पाहिजे.

भाजे येथील चैत्यगृह (इ. स. पू. दुसरे शतक) याहून जुने. त्यातील २७ अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत. ते आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी घरात छताच्या रेट्याने खांब बाहेर फाकू नयेत म्हणून ते असे कलते रोवावे लागतात. खडकात कोरलेल्या खांबाला अशी भीती नसते. लाकडी इमारत बांधताना अंगवळणी पडलेली रीत येथे दगडात जशीच्या तशी उतरली आहे. या लेण्याची पुढची बाजू आज सताड उघडी दिसते; तेथे पूर्वी लाकडी दर्शनी चौकट होती व ती बसवण्यासाठी घेतलेली भोके खडकात शिल्लक आहेत. छताच्या लाकडी कमानींवर ब्राह्मी लेख मिळाले असून पुरातत्त्वज्ञ म. ना. देशपांडे यांनी ते १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. लाकडावरची अक्षरे दोन हजार वर्षे टिकावीत हे भारतात फार दुर्मीळ. बेडसे येथे लाकूडकाम उरलेले नाही.

सुताराचे नाव सापडते ते कार्ल्यात. तेथील एका लेखानुसार धेनुकाकट येथील वेणुवासाचा मुलगा सामी या वढकीने घराचे मुख, म्हणजे चैत्यगृहाचे द्वार, घडवले. दुसऱ्या एका लेखात त्याच धेनुकाकटच्या सिंहदत्त या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, द्वार दान दिल्याचा उल्लेख आहे. देणारा कोण आणि घडवणारा कोण, हे येथे वेगवेगळे नोंदले गेले, ही मोलाची गोष्ट आहे. सुताराने केलेले द्वार दगडी असेल, तर लाकूड आणि दगड या दोन कामांमध्ये पक्की भिंत नव्हती असे मानावे लागते. चैत्यगृहांची घडण पाहता हाच अर्थ अधिक पटतो. राजमाचीच्या पायथ्याच्या कोंडाणे लेण्यातही कण्हाचा शिष्य बलक याने काम केल्याचा लेख आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचा, म्हणजे व्यवसायसंघांचा, उल्लेख येतो. कारागीर या धर्मजीवनाच्या कडेला उभे नव्हते, त्यात सामील होते.

एका धर्मपंथातील सुतारांचा असा अभ्यास अन्यत्र बराच पुढे गेला आहे. वसाहतकालीन अमेरिकेतील क्वेकर पंथीय सुतार जॉन हेड याची १७१८ ते १७५३ या काळातील हिशेबवही उपलब्ध आहे; तिच्या आधारे फिलाडेल्फियातील कपाटे, घड्याळांच्या पेट्या व त्यांचे गिऱ्हाईक यांचा माग काढता आला. क्वेकरांच्या सभांचे दप्तरही त्याला पूरक ठरते. मावळात वही नाही, दप्तर नाही. म्हणून येथे खाच, सांधा आणि लाकडावरची हत्याराची खूण हाच कागद मानून वाचावा लागतो. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथापासून या लेण्यांवर भरपूर लिहिले गेले. त्यात भर राहिला तो शैली, कालक्रम व दानलेख यांवर. सुतारकाम म्हणून या कमानींकडे पाहणारे लेखन त्या मानाने फारच थोडे.

या कमानींचे वय ठरवणेही सोपे नाही. कार्बन-१४ चाचणी लाकूड वाढले तो काळ सांगते, ते बसवले तो काळ सांगत नाही. शिवाय काही कमानी दुरुस्तीत नव्याने घातलेल्या आहेत. सागाच्या खोडात वाढीची वलये स्पष्ट उमटतात आणि त्यांवरून जुन्या पावसाचा अभ्यास पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत झाला आहे. लाकडाला इजा न करता ही विद्या लेण्यांतील कमानींना लावता आली, तर जुने कोणते आणि नवे कोणते हे ठरवणे सोपे जाईल. त्याआधी प्रत्येक कमानीची मापे, सांधे व दुरुस्तीच्या खुणा यांची नोंद अभ्यासकांना आणि सुतारकाम जाणणाऱ्यांना एकत्र बसून पाहता यावी. एकवीरा देवीच्या दर्शनाला कार्ल्याचा डोंगर चढणाऱ्यांनीही शेजारच्या चैत्यगृहात जाऊन मान वर करावी आणि छत नीट पाहावे.