अनुवादाचा जुना अर्थ

अंबाजोगाई तालुक्यातलं घाटनांदूर परळी–लातूर रोड रेल्वेमार्गावर आहे. नावातला ‘घाट’ काढला तर गाव हरवतं, कारण नांदूर नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ. नांदूर मध्यमेश्वर वेगळं, नांदूर शिंगोटे वेगळं. ओळख पटते ती जोडशब्दाने.

जावा या संगणकभाषेतही ‘डेट’ नावाचे दोन क्लास आहेत, वेगवेगळ्या पॅकेजांतले. असे क्लास पास्कल या दुसऱ्या संगणकभाषेतून वापरता यावेत म्हणून फ्री पास्कल या तिच्या कंपायलरसोबत ‘जावापीपी’ हे साधन मिळतं. ते क्लासच्या नावाला पॅकेजची आद्याक्षरं जोडतं. ‘जावा.लँग’मधला ‘सिस्टिम’ इकडे ‘जेएलसिस्टिम’ होतो. घाटनांदूरची रीत हीच.

या कामाला म्हणायचं काय? भाषांतर म्हणावं, तर त्यात मजकूर दुसऱ्या भाषेत जातो. ‘तर्जुमा’ अरबीतून फारसीमार्गे आला. दुभाष्यासाठीचा अक्कादी शब्द ‘तर्गुमान्नू’ त्याच घराण्यातला. दुभाष्या अर्थ सांगतो. ‘उल्था’मध्ये उलथणं आहे, म्हणजे सगळंच पालथं घालणं. इथे तसं काहीच घडत नाही. साधन फक्त तयार क्लास-फाइल वाचतं आणि कुठल्या नावाचं फंक्शन आहे, ते काय घेतं, काय परत देतं, एवढंच पास्कलच्या वळणाने लिहितं. काम करणारा कोड जावाकडेच राहतो. पास्कलच्या मजकुरात ‘एक्स्टर्नल’ अशी खूण असते.

मला इथे ‘अनुवाद’ हाच शब्द योग्य वाटतो, पण आजच्या अर्थाने नव्हे. ‘अनु’ म्हणजे मागून, ‘वद्’ म्हणजे बोलणं. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या लेखी अनुवाद म्हणजे दुसरीकडून आधीच कळलेली गोष्ट पुन्हा सांगणं. त्यात नवा विधी, म्हणजे नवी आज्ञा, नसतो. जावापीपीने लिहिलेली ओळ नेमकी अशीच असते.

मागून बोलणाऱ्यालाही स्वतःच्या भाषेचं व्याकरण सांभाळावं लागतं. जावात ‘एंड’ नावाचं फंक्शन खुशाल असतं; पास्कलमध्ये तो राखीव शब्द, म्हणून त्याच्या आधी & चिन्ह लागतं. जावा लहान-मोठी लिपी वेगळी मानते, पास्कल मानत नाही, त्यामुळे तिकडची दोन नावं इकडे एकमेकांवर आदळतात आणि एकाला शेपूट किंवा शेंडी जोडावी लागते.

निक्लाऊस विर्थ यांचं पास्कल 1970चं, जावा 1995ची. पंचवीस वर्षांनी थोरली भाषा इथे धाकटीच्या मागून बोलते, आणि त्या बोलण्याला अनुवाद म्हणणं व्युत्पत्तीने अगदी बरोबर आहे.