रक्तदाब आणि विम्याचे दप्तर

इंग्लंडातील टेडिंग्टनचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने घोडीच्या मांडीतील धमनीत पितळी नळी बसवून तिला काचेची उभी नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून अधिक चढले. १७३३ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग रक्तदाबाच्या मोजमापाचा आरंभ होय, पण धमनी छेदून घेतलेले माप रुग्णाच्या काय उपयोगाचे? तुरीनच्या शिपिओने रिवा-रोच्ची याने १८९६ साली दंडाभोवती हवेची पट्टी आवळून पाऱ्याच्या स्तंभावर दाब वाचण्याची युक्ती काढली, आणि १९०५ साली सेंट पीटर्सबर्गचा लष्करी शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह याने, पट्टीतील हवा हळूहळू सोडीत कोपराच्या खळगीत श्रवणनलिका ठेवली असता ठोके उमटू लागतात तो वरचा दाब व ते विरून जातात तो खालचा, हे दाखवून दिले.

मापन सुलभ झाले, तरी त्याचा अर्थ वैद्यांना चटकन उमगला नाही. चढा दाब म्हणजे कठीण झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीरानेच केलेली तजवीज आहे, सबब ती मोडू नये, असे भलेभले मानीत. याविरुद्ध साक्ष निघाली ती अमेरिकेतील आयुर्विमा कंपन्यांच्या दप्तरांतून: अर्जदार धडधाकट, तक्रार कसलीही नाही, तरी तपासणीच्या कागदावर आकडा चढा असेल, तर अशांपैकी पुष्कळांच्या मृत्यूची खबर कंपनीच्या अंदाजाआधीच येई. या साऱ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कारण डोके दुखले म्हणजे दाब वाढला आणि दुखत नाही म्हणजे सर्व ठीक, या आपल्याकडे अद्याप रूढ असलेल्या समजुतीला त्या निर्विकार नोंदींनी केव्हाच उत्तर दिले होते. तरी धोका कळणे म्हणजे उपाय सापडणे नव्हे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८ भरला; परंतु तो उतरवणारे खात्रीचे औषध तेव्हा कोणापाशीच नव्हते, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.

औषधाच्या शोधात मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळांचा रक्तदाबावरील गुण रुग्णांवर पारखून तो वृत्तान्त १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि आयुर्वेदाला पूर्वापार परिचित असलेली ही वनस्पती जगभरच्या वैद्यांच्या हाती गेली. पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्यांवर जी चाचणी झाली, तिच्यातील गोळ्यांतही सर्पगंधेपासून मिळणारे रिसर्पिन होते. १९६७ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले, की औषधहीन गोळ्या मिळालेल्यांत पक्षाघातासारखे गंभीर उपद्रव एकामागून एक घडले, तर खरे औषध मिळालेल्यांत ते क्वचितच उद्भवले.