मोटारीची किल्ली

परळच्या भोईवाड्याच्या नांवांत पालखी वाहणारे भोई अद्याप शिल्लक आहेत. पालखीला कुलूप नसे, आणि त्याची जरुरीहि नव्हती. ती पळवावयाची तर प्रथम भोई फितवावे लागत! पुढें पालख्या गेल्या, घोड्यांच्या गाड्या आल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईंत मोटार अवतरली.

आरंभींच्या मोटारी हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. १९१२ सालीं कॅडिलॅकनें विजेचा स्टार्टर आणला. १९४९ सालीं क्रायस्लरनें किल्ली फिरवितांच एंजिन सुरू होईल अशी योजना केली. परंतु ही किल्ली म्हणजे केवळ विजेचें बटण. कुलुपामागच्या तारा जोडणाऱ्या चोरापुढें तिचें कांहीं चालत नसे.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, याच पठडींतली. तिचा कार्ब्युरेटर साफ करणें, प्लग घासणें, पॉइंट बसविणें हीं कामें पान्हा व स्क्रू-ड्रायव्हर यांवर रस्त्याच्या कडेलाहि उरकत. टॅक्सीवाला अर्धा मिस्त्रीच असे. ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी मुंबईंतून उठली. पण ते मिस्त्रीपण त्यापूर्वींच संपत आलें होतें.

कारण २००० सालापासून धुराचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटरच्या जागीं संगणक बसला. पेट्रोल किती व ठिणगी केव्हां, हें तो ठरवूं लागला. त्याच्याच जोडीला इमोबिलायझर आला. किल्लीच्या मुठींत एक बारीकशी चिप असते. कुलुपाभोंवतालच्या वेटोळ्यांतून रेडिओलहरी निघतांच ती आपली खूण सांगते. खूण पटली नाहीं तर संगणक एंजिन चालूं देत नाहीं. युरोपांत १९९८ पासून नव्या मोटारींना ही योजना सक्तीची झाली.

येथेंच मालकाची पंचाईत सुरू होते. सर्व किल्ल्या हरवल्या, तर नवी किल्ली कापून भागत नाहीं. तिची ओळख संगणकाला पटवावी लागते. अमेरिकेंत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या सोळा टोकांच्या सॉकेटला स्वस्त यंत्र लावून मोटारीचे दोष मोबाइलवर वाचतां येतात. दिवा कां लागला हें घरबसल्या कळतें, हा मोठाच लाभ. मात्र किल्लीची नोंद करण्याचा अधिकार बहुधा कंपनीच्या संकेतांमागें बंद असतो. कंपन्यांची अडचण अगदींच खोटी नाहीं. त्याच सॉकेटला यंत्र लावून, नवी किल्ली बनवून मोटारी पळविल्याचे प्रकार २०१२ च्या सुमारास इंग्लंडांत गाजले.

तथापि चोराच्या नांवाखालीं मालकालाहि बाहेर ठेवावें काय? भारतांत हा वाद स्पर्धा आयोगापुढें गेला. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग, माहितीपुस्तकें व तपासणीचीं यंत्रें न देणें हें स्पर्धेला मारक आहे, असें ठरवून आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारें २,५४५ कोटि रुपये दंड केला. तीन कंपन्यांच्या अपिलांत न्यायाधिकरणानें डिसेंबर २०१६ मध्यें दंड घटविला, परंतु दोष कायम ठेवला. पुढें डिसेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें दुरुस्तीच्या हक्काचें संकेतस्थळ उघडलें. त्यांत शेतीच्या अवजारांबरोबर व मोबाइलबरोबर मोटारीलाहि जागा मिळाली.